प्रत्युत्तरासाठी राखलेली पाने
‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ची साठ वर्षे

संस्थेचा इतिहास लिहायला बसले की इमारत, देणगीदार, पदाधिकाऱ्यांची यादी आणि कोनशिलेचा फोटो एवढी सामग्री साधारण हाताशी असते. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’कडे त्यातले मिरवावे असे फारसे काही नाही. बरीच वर्षे तिचे कार्यालय मुंबईच्या फोर्टात, शहीद भगतसिंग मार्गावरच्या हितकारी हाउसमध्ये होते. नंतर ते लोअर परळला गणपतराव कदम मार्गावरच्या ‘ए टू झेड’ नावाच्या औद्योगिक वसाहतीत, गाळ्यांच्या इमारतीत गेले. संस्थेची खरी मिळकत म्हणजे बारीक टायपात, दाटीवाटीने छापलेले तिचे अंक. कुठल्याही जुन्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ते वर्षावार बांधून ठेवलेले दिसतात.

साप्ताहिक साठीला पोहोचत असताना त्याच्या अर्थशास्त्राविषयी इतरत्र पुष्कळ लिहिले जाईल. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास जानेवारी 1971 मध्ये इथेच दोन अंकांत आला. शेतीतील उत्पादनपद्धतीवरचा प्रदीर्घ वादही इथलाच. या लेखाचा रोख वेगळ्या गोष्टीकडे आहे. नावात अर्थ आणि राजकारण मिरवणाऱ्या या साप्ताहिकात ‘मी कोण’ आणि ‘आम्ही कोण’ हे प्रश्न कसे शिरले, कोणी शिरू दिले, आणि जात, लिंगभाव, धर्म यांतून घडणाऱ्या माणसाच्या ओळखीचा अभ्यास इथे इतका का फोफावला, हे पाहायचे आहे. माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. इथे लेखाला जाहीर उत्तर देता येत असे, आणि उत्तर देणाऱ्याला ‘तुमचा विषय कोणता’ असे कोणी विचारत नसे.

सुरुवात 1949 सालची. त्या वर्षीच्या जानेवारीत सचिन चौधुरी यांनी मुंबईत ‘इकॉनॉमिक वीकली’ सुरू केले. बंगालमधून आलेला हा गृहस्थ अर्थशास्त्राचा, पण घरातले वातावरण निराळे होते. एक भाऊ शंखो चौधुरी शिल्पकार, पुढे बडोद्याला कलाशिक्षक म्हणून नावाजलेले. दुसरे हितेन चौधुरी चित्रपटसृष्टीत. अशा घरातला माणूस नुसत्या बाजारभावांच्या पत्रकावर समाधान मानील, हे शक्यच नव्हते. बाजाराचा आढावा, अर्थसंकल्पाची चिरफाड आणि संशोधनपर लेख एकाच अंकात शेजारी शेजारी छापायचे ही कल्पना त्यांची. शास्त्रीय नियतकालिक तिमाही किंवा सहामाही असावे आणि साप्ताहिकाने बातम्यांशी संसार करावा, असा त्या काळचा रिवाज. चौधुरींनी तो मोडला. त्याचा सर्वांत मोठा लाभ अर्थशास्त्राला झाला की समाजशास्त्राला, हा वादाचा मुद्दा आहे. माझे मत समाजशास्त्राच्या बाजूने पडते.

कारण 1951 साली म्हैसूरकडच्या एका खेड्याची समाजरचना सांगणारा एम. एन. श्रीनिवास यांचा लेख इथे आला आणि त्यामागोमाग खेड्यांवरच्या लेखांची रांगच लागली. श्रीनिवास मुंबई विद्यापीठात गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली शिकले, मग ऑक्सफर्डला गेले आणि परतल्यावर बडोद्याला शिकवू लागले. घुर्यांची पद्धत ग्रंथांवर, पोथ्यांवर आणि इतिहासावर भर देणारी. ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ हे त्यांचे 1932 चे पुस्तक तिचा उत्तम नमुना. शिष्य मात्र रामपुरा नावाने ओळखल्या गेलेल्या त्या गावात जाऊन राहिला. कोण कोणाच्या ओसरीवर बसतो, कोण कोणाच्या हातचे पाणी पितो, पंचायतीत कोणाचा शब्द चालतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. पोथीतली चातुर्वर्ण्याची उतरंड आणि गावातली खरी सत्ता यांचा मेळ बसत नाही, जमीन आणि संख्याबळ ज्यांच्याकडे त्यांचा वरचष्मा असतो, हे निरीक्षण या खेड्यातूनच आकाराला आले. पुढे ‘प्रभावी जात’ या नावाने ते सर्वतोमुखी झाले.

1951 ते 1954 या काळात कॅथलीन गॉफ, मॅकिम मॅरियट, मॉरिस कार्स्टेअर्स अशा अनेकांनी आपापल्या खेड्यावर इथे लिहिले. 1955 साली या लेखांचे ‘इंडियाज व्हिलेजेस’ हे पुस्तक निघाले आणि गंमत म्हणजे ते छापले पश्चिम बंगाल सरकारच्या छापखान्याने. खेड्यांचे समाजशास्त्र अर्थविषयक साप्ताहिकात जन्माला येते आणि सरकारी छापखान्यातून बाहेर पडते, याचे आज नवल वाटते. तेव्हा विकास योजनांचा जमाना होता. खेडे म्हणजे काय हे नियोजनकारांनाही समजून घ्यायचे होते, म्हणून मानववंशशास्त्रज्ञाच्या टिपणवहीला अर्थशास्त्रज्ञ वाचक मिळाला. घुर्यांच्या पुढाकाराने इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटीचे ‘सोशिऑलॉजिकल बुलेटिन’ 1952 पासून निघू लागले होतेच. पण ते समाजशास्त्रज्ञांनी समाजशास्त्रज्ञांसाठी काढलेले. चौधुरींच्या अंकात हाच मजकूर पोलादाच्या उत्पादनाच्या आकड्यांना लागून येई.

1965 अखेर मालकपक्षाशी मतभेद विकोपाला गेले आणि ‘इकॉनॉमिक वीकली’ बंद पडले. चाहत्यांनी आणि अभ्यासकांनी पैसे उभे केले, समीक्षा ट्रस्टची स्थापना झाली, आणि ऑगस्ट 1966 मध्ये नावात ‘पोलिटिकल’ची भर घालून नवे साप्ताहिक उभे राहिले. मालक नसलेले नियतकालिक ही गोष्ट ऐकायला साधी वाटते. पुढच्या साठ वर्षांचे स्वातंत्र्य आणि त्या वर्षांतल्या कटकटी दोन्ही तिच्यातूनच निघाल्या. चौधुरींना नवा संसार फार काळ पाहता आला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात ते वारले. आर. के. हजारी यांनी सुमारे तीन वर्षे धुरा सांभाळली आणि ते रिझर्व्ह बँकेत उपगव्हर्नर म्हणून गेले. 1969 मध्ये संपादकाच्या खुर्चीत कृष्णराज बसले. ते जानेवारी 2004 मध्ये, मृत्यूनेच उठले.

पस्तीस वर्षे एकच संपादक. आपल्याकडच्या बऱ्याच संस्थांत असा दीर्घ कारभार म्हणजे हळूहळू व्यक्तिपूजेचे देऊळ. इथे तसे झाले नाही याचे श्रेय माणसाच्या स्वभावाला द्यावे लागते. कृष्णराज केरळचे, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे विद्यार्थी, चौधुरींच्या हाताखाली तयार झालेले. संपादकीयांवर नाव घालायचे नाही ही साप्ताहिकाची रीत त्यांच्या अंगाला चपखल बसली. व्यासपीठावर ते क्वचित दिसत. लेखकाच्या हुद्द्याचे त्यांना वावडे नव्हते, पण अप्रूपही नव्हते. पीएच. डी. करणाऱ्या मुलीचा लेख नामांकित प्राध्यापकाच्या लेखाआधी लागू शके. तपासणीची आजच्यासारखी बंदिस्त पद्धत त्या काळी नव्हती. संपादक स्वतः वाचत, शंका आली तर जाणकाराला दाखवत आणि निर्णय घेत. या पद्धतीत माणूस चुकू शकतो, पण धाडसही करू शकतो. दोन अनामिक परीक्षकांच्या चाळणीत अडकले असते असे कितीतरी लेख या धाडसामुळे छापून आले, असे मला वाटते.

अंकाची रचनाही ध्यानात घेण्याजोगी. पुढे ताज्या घडामोडींवरची टिपणे, मागे ‘विशेष लेख’ म्हणून दीर्घ संशोधन, आणि ‘चर्चा’ नावाचे सदर. हे तिसरे सदर म्हणजे संस्थेचा आत्मा. आधीच्या एखाद्या लेखावर कोणीही टीका लिहून पाठवावी, ती पटली तर छापावी, मूळ लेखकाने पुन्हा उत्तर द्यावे. तिमाही नियतकालिकात एवढ्या तीन पायऱ्या चढायला वर्ष-दीड वर्ष जाते आणि तोवर पहिला लेख कोणाच्या लक्षात राहत नाही. साप्ताहिकात वाद ताजा असतानाच उत्तर येऊ शके. कट्ट्यावर जशी चकमक रंगते तशी ती पानांवर रंगे, फक्त तळटिपांसकट.

सत्तरच्या दशकात या पानांवर वर्गाचे राज्य होते. शेतकरी भांडवलदार आहे की सरंजामदार, मजुराची पिळवणूक नेमकी कोणत्या प्रकारची, यावर शाईचे पाट वाहिले. जात हा विषय त्या चर्चेत अडचणीच्या पाहुण्यासारखा होता. घरात घ्यावे तर पंचाईत, बाहेर ठेवावे तर लोक काय म्हणतील. ही कोंडी फुटली ती दिल्ली-कलकत्त्यात नव्हे, मराठवाड्यात. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगाव दलित वस्त्या पेटल्या. विहिरी नासवल्या गेल्या, माणसे मारली गेली. मजूर आणि छोटा शेतकरी एकाच वर्गाचे म्हणावेत, तर एकाने दुसऱ्याचे घर का जाळावे? गेल ऑम्व्हेट यांनी त्याच वर्षी हा प्रश्न साप्ताहिकात मांडला. अत्याचार विरोधी समितीचा मराठवाड्यातील दंगलींवरचा अहवाल मे 1979 मध्ये इथेच प्रसिद्ध झाला. कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून केलेला अहवाल संशोधनाच्या नियतकालिकात छापायचा की नाही, असा प्रश्न विद्यापीठीय संपादकाला पडला असता.

1979 च्याच फेब्रुवारीत वार्षिकांक निघाला तो ‘वर्ग आणि जात’ या विषयाला वाहिलेला. त्यात धुळ्याच्या शरद पाटलांचा जात आणि वर्गसंघर्षांच्या द्वंद्ववादावरचा लेख आहे. पाटील तेव्हा नुकतेच मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडून सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढून बसले होते. कोणत्याही विद्यापीठात शिकवत नसलेला, संस्कृत व्याकरण आणि प्राचीन इतिहास स्वतःच्या बळावर पचवलेला, आदिवासी आणि शेतमजुरांत काम करणारा हा माणूस. समाजशास्त्राच्या खास नियतकालिकाने त्याला कोणत्या खणात बसवले असते, कोण जाणे. या अंकात त्याला पूर्ण लांबीची पाने मिळाली. त्याचे मराठी लेखन तेव्हा महाराष्ट्राबाहेर कोणी वाचत नव्हते. इंग्रजी लेखामुळे मार्क्स-फुले-आंबेडकर ही जोडणी देशभरच्या अभ्यासकांपुढे आली. पाटलांशी सहमत होणारे थोडेच निघाले. पण जातीला ‘वरचा इमला’ म्हणून बाजूला सारण्याची सोय यानंतर पहिल्यासारखी राहिली नाही.

ऐंशीच्या दशकात दुसरा प्रवाह येऊन मिळाला. मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने 1974 मध्ये स्त्री-अभ्यास केंद्र सुरू झाले होते. 1981 साली तिथेच स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. विषय उभा राहिला, संशोधन होऊ लागले, पण छापणार कोण? 1985 पासून साप्ताहिकाने ‘रिव्ह्यू ऑफ विमेन्स स्टडीज’ ही खास पुरवणी वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरात काढायला घेतली. जुने बांधीव खंड चाळताना ही पुरवणी पानांच्या आकड्यांवरून ओळखू येते. मधेच क्रमांक तुटतो आणि ‘डब्ल्यूएस-39’, ‘डब्ल्यूएस-40’ असे निराळे आकडे सुरू होतात. शेतीच्या पुरवणीला ‘ए’, व्यवस्थापनाच्या पुरवणीला ‘एम’. संदर्भ शोधणाऱ्या विद्यार्थ्याची या आकड्यांनी चांगलीच दमछाक होते. पण पुरवणी असली तरी ती अंकाच्या पोटात असे, निराळी विकली जात नसे. शेअर बाजाराचा आढावा वाचायला अंक घेणाऱ्याच्या हातातही ती पडे.

7 ऑगस्ट 1990 रोजी मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा झाली तेव्हा देशातल्या बहुतेक इंग्रजी वृत्तपत्रांनी एकच सूर लावला. साप्ताहिकात के. बालगोपाल यांनी त्या सुराचीच झडती घेतली. बालगोपाल वरंगळच्या विद्यापीठात गणित शिकवलेले, मानवी हक्कांच्या चळवळीतले, पुढे वकील झालेले. गणिती, कार्यकर्ता आणि समाजशास्त्राचा लेखक ही तिन्ही रूपे एका माणसात. या साप्ताहिकात आंतरविद्याशाखीय संशोधन म्हणतात ते बहुधा असे, माणसांच्या रूपाने आले. त्यासाठी प्रकल्प किंवा निधी लागला नाही.

1993 च्या एप्रिलमध्ये इतिहासकार उमा चक्रवर्ती यांचा प्राचीन भारतातील ब्राह्मणी पितृसत्तेवरचा निबंध आला. जातीची शुद्धता राखायची तर स्त्रीच्या लैंगिकतेवर पहारा ठेवावा लागतो, म्हणून जात आणि पितृसत्ता वेगळ्या काढून अभ्यासता येत नाहीत, हा त्याचा गाभा. ‘ब्राह्मणी पितृसत्ता’ हे शब्द मराठी सभा-संमेलनांत आता इतके रुळले आहेत की ते एका इंग्रजी निबंधातून इतके दूर पोहोचले, याची आठवण करून द्यावी लागते. पण मागे गेलो तर हा धागा आणखी जुना. मे 1916 मध्ये न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या एका चर्चासत्रात पंचविशीतल्या भीमराव आंबेडकरांनी जातींच्या उगमावर निबंध वाचला होता. जातीअंतर्गत विवाह हे जातीचे मर्म, आणि ते टिकवायचे तर समाजाला ‘जादा’ ठरणाऱ्या स्त्रीची, म्हणजे विधवेची, विल्हेवाट लावावी लागते, हे त्यांनी तिथे मांडले. 1917 साली तो निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापला गेला. हे नियतकालिक 1872 मध्ये मुंबईत सुरू झालेले, ताम्रपट आणि शिलालेखांसाठी प्रसिद्ध. त्या निबंधातला स्त्रीविषयक अर्धा भाग समाजशास्त्राने सत्तर-पाऊणशे वर्षे जवळजवळ न वाचल्यासारखा ठेवला. त्याला प्रतिसाद मिळायला स्त्री-अभ्यास उभा राहावा लागला.

आता ज्या वादासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. 14 ऑक्टोबर 1995 च्या जोडअंकात राज्यशास्त्रज्ञ गोपाळ गुरू यांचे जेमतेम तीन पानांचे टिपण आले. दलित स्त्रिया वेगळे बोलतात, असा त्याच्या शीर्षकाचा आशय. त्यांनी वेगळे का बोलावे, याची दोन कारणे गुरूंनी दिली. बाहेरून, सवर्ण स्त्रियांची चळवळ सगळ्या बायकांचे दुःख एकाच साच्यात घालते. आतून, दलित पुरुषांचे नेतृत्व बायकांचा आवाज दाबते. त्याच वर्षी दलित स्त्रियांचा राष्ट्रीय पातळीवरचा महासंघ स्थापन झाला होता, आणि टिपणाला त्या घटनेची धग होती. ज्यांनी भोगले त्यांनीच बोलावे, दुसऱ्यांनी त्यांच्या वतीने बोलणे अपुरे, हा निष्कर्ष त्यातून सरळ निघत होता.

तीन वर्षांनी, 31 ऑक्टोबर 1998 च्या स्त्री-अभ्यास पुरवणीत पुण्याच्या शर्मिला रेगे यांनी तेच शीर्षक उचलले आणि त्याला पुढची ओळ जोडली. लेख आठ पानांचा, डब्ल्यूएस-39 पासून. रेगे पुणे विद्यापीठात समाजशास्त्र आणि स्त्री-अभ्यास शिकवत. त्या स्वतः दलित नव्हत्या, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हताच. त्यांनी प्रथम घरचा हिशेब मांडला. सत्तर-ऐंशीच्या दशकांतली दलित चळवळ बोलत होती ती पुरुषाच्या तोंडून, आणि स्त्री-चळवळीची ‘स्त्री’ गृहीतच धरलेली सवर्ण. या दोहोंच्या मधल्या फटीत दलित स्त्री हरवली. ती हरवली होती, पण मुकी नव्हती. मुक्ता साळवेपासून बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’पर्यंत आणि ऊर्मिला पवार-मीनाक्षी मून यांनी 1989 मध्ये उभ्या केलेल्या ‘आम्हीही इतिहास घडवला’पर्यंत मराठीत सगळे पडून होते. 25 डिसेंबर, म्हणजे 1927 साली महाडला मनुस्मृती जाळली तो दिवस, भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळावा, अशी मागणी दलित स्त्रियांच्या परिषदांतून पुढे आली होती. 8 मार्चच्या मोर्चात दरवर्षी जाणाऱ्या आपल्यापैकी अनेकींना ती तेव्हा खटकली होती, हे विसरून चालणार नाही.

रेगे यांनी गुरूंच्या पुढे एक पाऊल टाकले, आणि वादाची खरी ठिणगी तिथे पडली. ‘वेगळेपणा’ मान्य करून थांबलो तर काय होते? सवर्ण स्त्रीवादी म्हणते, ‘तुमचे तुम्ही बोला, आम्ही आमचे’, आणि जातीचा प्रश्न आयता दलित स्त्रियांच्या गळ्यात पडतो. म्हणून त्यांनी भूमिदृष्टी हा शब्दप्रयोग पुढे आणला. दलित स्त्रीच्या जागेवरून जग पाहायला शिकता येते. त्यासाठी जन्म पुरेसा नाही आणि अनिवार्यही नाही, पण कष्ट अनिवार्य आहेत. इतरांनी दलित स्त्रियांसारखे किंवा त्यांच्या वतीने बोलू नये. मात्र स्वतःला मुळापासून बदलून दलित स्त्रीवादी होता येते. म्हणजे ओळख ही जन्मपत्रिकेत मिळणारी वस्तू राहिली नाही. ती अभ्यासाने आणि संघर्षाने कमवायची गोष्ट ठरली. हा मुद्दा गुरूंच्या मुद्द्याला छेद देतो आणि त्याच्यावरच उभाही राहतो.

ऑक्टोबर 1999 मध्ये छाया दातार यांचे उत्तर आले. निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांत काम केलेल्या, पर्यावरणीय स्त्रीवादाकडे वळलेल्या दातार. महाराष्ट्रातील स्त्रीवादाची ही अब्राह्मणी मांडणी खरोखरच अधिक मुक्तिदायी आहे का, हा सवाल त्यांनी शीर्षकातच टाकला. फेब्रुवारी 2000 मध्ये रेगे यांनी प्रत्युत्तर दिले. त्यातला स्वर शीर्षकापासूनच कडक आहे. चार लेख, पाच वर्षे आणि तीन लेखक, तिघेही महाराष्ट्रातले. हे सगळे एकाच नियतकालिकात घडले म्हणून आजचा विद्यार्थी ते ओळीने वाचू शकतो. एम. ए.च्या वर्गात मी हे चारही लेख क्रमाने देतो. पहिला वाचून मुले गुरूंच्या बाजूची होतात, दुसरा वाचून रेगेंच्या, आणि तिसऱ्याला वर्गात आवाज चढतात. परीक्षेत उतरवण्याजोगे उत्तर मिळत नाही म्हणून काही नाराजही होतात. दातारांचा मुद्दा, म्हणजे पाणी, सरपण आणि जमीन यांचा, दरवेळी कोणीतरी दुष्काळी भागातली मुलगीच उचलून धरते.

या वादात सगळ्यांनी एकमेकांना समजून घेतले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. काही दुरावे राहिले ते राहिलेच. रेगे 2006 मध्ये दलित स्त्रियांच्या आत्मकथनांवर इंग्रजी पुस्तक करून गेल्या, 2013 मध्ये आंबेडकरांच्या ब्राह्मणी पितृसत्तेवरील लेखनाचे संपादन प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्यांचे अकाली निधन झाले. 1916 च्या त्या निबंधाला त्यांनी त्यात मानाचे पान दिले आहे.

गुरूंनी दरम्यान प्रश्न आणखी खोल नेला. डिसेंबर 2002 मध्ये त्यांनी इथेच विचारले: भारतातील समाजविज्ञाने कितपत समतावादी आहेत? सिद्धान्त मांडणारे ब्राह्मण आणि माहिती गोळा करणारे शूद्र, अशी विद्यापीठांतही चातुर्वर्ण्याची वाटणी झाली आहे, हा त्यांचा आरोप. दलित विद्यार्थ्याला दलितांच्या कविता आणि आत्मकथने शोभतात, तत्त्वज्ञान नाही, असे समजणाऱ्यांना तो झोंबला. ज्या नियतकालिकाच्या पानांवर ही वाटणी वर्षानुवर्षे दिसत होती त्यानेच तो छापला, हेही नोंदवायला हवे. 2007 मध्ये त्याला लेखातून प्रतिसाद दिला सुंदर सरुक्कै यांनी. ते मूळचे भौतिकशास्त्राचे, नंतर तत्त्वज्ञानाकडे वळलेले. अनुभव ज्याचा, सिद्धान्तही त्याचाच का? अनुभवाचा धनी आणि अनुभवाचा लेखक हे दोन वेगळे असू शकतात का? हा संवाद वाढत जाऊन 2012 साली दोघांचे ‘द क्रॅक्ड मिरर’ हे पुस्तक झाले. राज्यशास्त्रज्ञ आणि भौतिकशास्त्रातून आलेला तत्त्वज्ञ यांनी अपमान, स्पर्श आणि अनुभव यांवर एकमेकांशी लिहून बोलावे, यासाठी कुठलेही विद्यापीठ विभाग काढणार नव्हते.

कृष्णराज यांच्यानंतर सी. राममनोहर रेड्डी यांनी 2016 पर्यंत संपादन केले. बाह्य परीक्षकांची पद्धत रुळली, जुने अंक संगणकावर आले, अंकाचे रूप सुधारले. याच काळात विद्यापीठ अनुदान आयोगाने अध्यापकांच्या बढतीसाठी लेखांना गुण द्यायला सुरुवात केली आणि ‘छापून आले का’ या प्रश्नाचा अर्थच बदलला. पूर्वी लेख वादासाठी पाठवला जाई, आता पुष्कळसे फाइलसाठी पाठवले जातात. फाइलसाठी लिहिलेल्या लेखाला कोणी प्रत्युत्तर देत नाही. चर्चेचे सदर त्यामुळे रोडावले, अशी माझी तक्रार आहे, आणि ती केवळ या साप्ताहिकापुरती नाही.

स्मरणिकेत कटू प्रसंग टाळण्याची प्रथा आहे. तरी 2017 चा उल्लेख टाळता येत नाही. एका मोठ्या उद्योगसमूहावरच्या लेखानंतर कायदेशीर नोटीस आली, विश्वस्त मंडळ आणि संपादक परंजॉय गुहा ठाकुरता यांच्यात मतभेद झाले, लेख संकेतस्थळावरून काढला गेला आणि संपादकांनी राजीनामा दिला. अनेक जुन्या लेखकांनी विश्वस्तांवर जाहीर नाराजी व्यक्त केली. मालक नसलेल्या संस्थेतही मालकीचा प्रश्न उभा राहतोच, हे त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात दिसले. 2018 च्या आरंभी नवे संपादक म्हणून आले ते गोपाळ गुरू. समाजविज्ञानातल्या वर्णव्यवस्थेवर ज्याने बोट ठेवले त्याच्याकडेच तेव्हा कोणाचा लेख घ्यायचा आणि कोणाचा परत पाठवायचा याचा अधिकार आला.

शेवटी भाषेचे. हे सगळे इंग्रजीत घडले. बेबी कांबळे यांच्या जगण्यावरचा वाद फलटणच्या बाईने वाचावा, अशी त्याची सोय नव्हती. वाईचे ‘नवभारत’, ‘समाज प्रबोधन पत्रिका’, ‘परिवर्तनाचा वाटसरू’, ‘मिळून साऱ्याजणी’ यांनी यातला काही भाग मराठीत आणला, कधी भाषांतराने, कधी स्वतंत्र वाद घालून. शरद पाटलांनी तर 1982 पासून ‘सत्यशोधक मार्क्सवादी’ हे स्वतःचे मासिकच चालवले. गुरूंच्या संपादनकाळात साप्ताहिकाने काही संपादकीयांची भाषांतरे मराठीसह इतर भाषांत प्रसिद्ध केली. संपादकीये आली, पण मोठे निबंध मात्र अजून इंग्रजीतच अडकले आहेत. 1979 चा शरद पाटलांचा लेख, 1998 चा रेगेंचा आणि त्यावरची दातारांची टीका एकत्र करून, मधल्या पत्रव्यवहारासकट, एक मराठी खंड काढता येईल. जिल्ह्याच्या गावच्या महाविद्यालयांत तो शिकवायला माणसे तयार आहेत. त्यासाठी पैसा फार लागणार नाही. भाषांतर करायला बसणारी चार माणसे लागतील, आणि त्यांना त्याचे गुण मिळणार नाहीत.